मागे गेलेले दोन किलोमीटर

"शून्यच राहू द्या," भालेराव म्हणाला.

"जुळवा," त्याची बायको म्हणाली.

मी हातात नवा मीटर घेऊन दोघांच्या मध्ये उभा. माझ्या टेबलावर जुना मीटर पडलेला, काचेच्या आत पाणी शिरून डाग पडलेले. समोर भालेरावची मोटरसायकल, हँडलजवळची जागा रिकामी, तोंडातला दात पडल्यासारखी.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. नाशिकला, सातपूरच्या अलीकडे त्र्यंबक रस्त्यावर आमचं दुकान होतं. मालक नानाशेठ, आणि मीटरचं काम बघणारा मी. मीटर म्हणजे स्पीडोमीटर. लोकांना वाटतं त्यात फक्त काटा महत्त्वाचा. काटा नुसता मिरवायला असतो हो. खरी गंमत खालच्या खिडकीतल्या आकड्यांत. गाडी आजवर किती किलोमीटर पळाली ते तिथं दिसतं. गाडीचं वय म्हणा ना. आता नवा मीटर येतो तो शून्यावर. तो तसाच बसवला तर दहा वर्षांची गाडी कागदावर काल जन्मलेली. म्हणून नवा मीटर उघडून त्यात जुना आकडा लावायचा. याला आम्ही म्हणायचो, मीटर जुळवणं.

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. जुना मीटर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आकडा त्यानं स्वतः मोठ्यानं वाचायचा. तो वाचेल तो आम्ही लावणार, त्याच्या डोळ्यांदेखत. एक जास्त नाही, एक कमी नाही. नानाशेठ म्हणायचे, "आपण वय लावतो, बदलत नाही." गाडी विकायला काढलेले कितीतरी लोक आकडा कमी करा म्हणून मागं लागायचे. नानाशेठ त्यांना चहा पाजायचे आणि बाहेरचा रस्ता दाखवायचे.

पण शून्यच ठेवा म्हणणारा नवरा आणि जुळवा म्हणणारी बायको, अशी जोडी आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती.

"वहिनी, तुम्हाला काय फरक पडतो?" मी विचारलं.

सुमनवहिनींनी पदर खोचला. माहेर नांदगावचं, बोलणं रोखठोक. "भाऊ, आमची एक खोली अन् एक सैपाकघर. खोलीत ही गाडी झोपती. हो, घरात! उंबऱ्याला फळी लावून रोज आत घेतात. माझ्या शिलाई मशीनचा सांगाडा शेजारणीच्या ओट्यावर, अन् मशीन पलंगाखाली. मागच्या पावसाळ्यात शाळेचे गणवेश शिवायला घेतले, ओट्यावर कापड भिजलं, रंग उतरला. शाळेच्या बाईंनी गठ्ठा परत पाठवला. म्हणल्या, पुढच्या जूनला अजून एकदा देऊन बघते, पण मशीन घरात असेल तरच."

"मग?"

"मग काय! विहाराच्या पायरीवर मंडळाच्या चार लोकांसमोर यांनी शब्द दिला. गाडीचे एक लाख किलोमीटर झाले की गाडी बाहेर अन् मशीन आत."

मी भालेरावकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. कारखान्यात टर्नर, हात सोन्याचा, बोलायला गोड. वस्तीतली पहिली मोटरसायकल त्याची. नाशिकरोडहून सातपूरला रोज ये-जा, शिवाय कुणाचं लग्न असो, बारसं असो, हा निघालाच. एवढी गाडी पळवल्यावर लाख लांब नव्हता.

"आणि नेमका लाख जवळ आला तेव्हा मीटर बंद पडला?" मी म्हणालो.

"नशीब!" भालेराव म्हणाला.

नशीब कसलं, डोंबल. मीटरला एक केबल असते. पुढच्या चाकाच्या हबमधून वर येते आणि मीटरला नटानं जोडलेली असते. भालेरावची केबल तुटलेली नव्हती. नट व्यवस्थित होता. फक्त कुणीतरी तो सोडवून केबल खाली लोंबत ठेवली होती. त्या उघड्या भोकातून महिनोन्महिने धूळ आणि पाणी आत गेलं आणि मीटर गंजून बसला. मी नट बोटात धरून भालेरावला दाखवला.

"रस्ते खराब," तो म्हणाला, "धक्क्यानं सुटला असेल."

"हो ना. धक्क्यानं सुटला, अन् आटे एकदम शाबूत," नानाशेठ गल्ल्यावरून म्हणाले.

वहिनींना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गाडी पळत होती अन् आकडा झोपला होता! भाऊ, तेवढे किलोमीटर पण घाला."

"ते किती, कोण सांगणार?" मी म्हणालो. "वाचता येतो तेवढाच लावतो आम्ही. दुकानाची पद्धत आहे."

"मग यांची चोरी पचली म्हणायची."

"वहिनी, मी मीटरवाला आहे, न्यायाधीश नाही."

जुना मीटर भालेरावच्या हातात दिला. त्यानं तो इतक्या हळू आवाजात वाचला की शेजारी उभ्या माणसाला ऐकू जाऊ नये. वहिनींनी मीटर ओढून घेतला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "अठ्ठ्याण्णव हजार सहाशे बेचाळीस!"

मी कामाला बसलो. मीटरची कडेची रिंग स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू उचलायची. घाई केली की काच गेली. मग काच, मग काटा, मग आतल्या पाच चकत्या. प्रत्येक चकतीवर शून्य ते नऊ. एक चकती पूर्ण फिरली की शेजारची एक घर सरकते. चकत्या एका रेषेत बसल्या पाहिजेत, नाहीतर आकडा अर्धा वर, अर्धा खाली दिसतो.

माझी एक खोड आहे. काम करताना मला समजावून सांगायला फार आवडतं. बायको म्हणते, तुम्ही आंघोळीच्या पाण्यालासुद्धा समजावून सांगाल. नवा मीटर बसवला, पुढचा टायर आणि ब्रेकचे लायनर झिजले होते तेही बदलले, आणि मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं.

"हे बघा," मी म्हणालो. "मीटर इंजिनावर चालत नाही, पुढच्या चाकावर चालतो. हबमध्ये एक छोटी फायबरची गरारी आहे, म्हणजे दातेरी चाक, तीही नवी टाकलीय. ती केबल फिरवते. चाक असं पुढं फिरवलं की आकडा पुढं. आणि असं उलटं फिरवलं की आकडा मागं."

दोघंही वाकून बघत होते. भालेरावनं तर एकदा स्वतः चाक फिरवून पाहिलं. वहिनींनी मान डोलावली. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी खूश.

मीटर वहिनींनी स्वतःच्या शिलाईच्या कमाईतून घेतला होता. जाताना त्या मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. कोर्टात जिंकून निघाल्यासारख्या.

*

नंतर काही दिवसांनी सातपूरच्या बसस्टॉपवर भालेराव भेटला. सिटी बसमधून उतरत होता.

"गाडी?"

"कंबर दुखते हो, मधूभाऊ. डॉक्टर म्हणाले, जपा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बसमध्ये. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. कंबर दुखणारा माणूस बसच्या दांड्याला लोंबकळून, वाकून, हसत हसत प्रवास करत होता. मी समजायचं ते समजलो. गाडी चालवली नाही तर लाख होणार कसा? बुवा हुशार.

होळी झाली आणि एका रविवारी सकाळी भालेराव गाडी घेऊन दुकानात हजर. "बायकोनं पिटाळलंय. चालवता चालवता मीटर बंद पडला. काटा हलत नाही, आकडाही नाही."

मी खाली बसलो, पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. मीटरवर आकडा होता अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस.

मी चष्मा पुसला. चाळीसच.

"नानाशेठ," मी हाक मारली, "जरा इकडं या."

आमच्या दुकानातून गाडी गेली तेव्हा बेचाळीस होते. दुकानातून त्याच्या घरापर्यंत जातानाच दहा-पंधरा किलोमीटर वाढायला हवेत. इथं दोन कमी! दुकानातून गेलेली गाडी तरुण होऊन परत आलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

नानाशेठनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मध्या, तू नीट लावला होतास ना?"

"वहिनींनी अख्ख्या त्र्यंबक रस्त्याला ऐकू जाईल असा वाचला होता, शेठ!"

माझी सटकलीच. माझ्या कामावर बोट म्हणजे काय! मी पुढचं चाक खोललं. फायबरची गरारी बाहेर काढली. दात झिजून सुईसारखे. एवढी झीज व्हायला गाडी चिक्कार पळायला पाहिजे. पण टायर पाहिला तर नक्षी नवी कोरी. ब्रेकचे लायनर कोरे. म्हणजे चाक फिरलं होतं, पण रस्ता त्यानं पाहिला नव्हता. आणि टायरच्या कडेचा भाग? हातानं घासून घासून चकाकत होता.

मग मी गरारी भिंगाखाली धरली. चाक सरळ फिरलं की दाताची एकच बाजू झिजते. इथं दोन्ही बाजू झिजल्या होत्या. सारख्याच.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सुमनवहिनी उतरल्या. नवऱ्याला एकट्याला दुकानात सोडायची त्यांची तयारी नव्हती. धापा टाकत म्हणाल्या, "काय निघालं?"

मी गरारी एका पांढऱ्या कागदावर ठेवली. "भालेराव, ही बाजू पुढं फिरवल्यानं झिजते. ही बाजू मागं फिरवल्यानं. तुमची कुठली?"

भालेरावनं एका बाजूला बोट लावलं. मग म्हणाला, "माझी... मागची."

"काय?" वहिनी ओरडल्या.

"पहाटे. तू नळावर गेलीस की. इंजिनाखाली पाट घालायचो."

"पाट? अरे देवा, म्हणून त्या पाटाला ग्रीस! मी पोरांना बोलले त्याच्यावरनं!" मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "मी म्हणते, एवढं फिरवून पण आकडा का वाढत नाय..."

आता दचकायची पाळी भालेरावची. "कोण फिरवून?"

"मीच. दुपारी. तुम्ही कामाला गेलात की. हे बसनं जातात, गाडी घरात मुक्काम ठोकून बसलेली, मग लाख व्हायचा कधी? मधूभाऊंनीच सांगितलं ना, चाक पुढं की आकडा पुढं. मी पण तोच पाट घ्यायचे. माझं झालं की पुसून ठेवायचे."

नानाशेठनी एकदा त्या दोघांकडे, एकदा गरारीकडे पाहिलं. मग नानाशेठ हसायला लागले. असे हसले की गल्ल्यावरची नाणी खुळखुळली. मीही हसलो. दोन महिने एकाच घरात, एकाच पाटावर, एक जण पहाटे गाडीला मागं नेत होता आणि एक जण दुपारी पुढं, आणि गाडी जागची हलली नव्हती!

"शिकवलं कुणी?" नानाशेठ डोळे पुसत म्हणाले. "मध्या, तुझ्या तोंडाला त्या केबलचा नट लावायला पाहिजे."

भालेराव मात्र हसत नव्हता. तो वहिनींच्या हाताकडे बघत होता. उजव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, काळे घट्टे पडले होते.

"हे टायरचं?" त्यानं विचारलं.

"नाय तर काय! सुईनं टोचलेली बोटं मला चालतात. पण हे..." त्यांनी हात मागं घेतला. मग सरळच बोलल्या. "तुम्हाला वाटतं मला हौस हाय. हौस नाय हो. मला कुणी काम दिलं अन् मी ते भिजवून परत केलं, त्याची लाज वाटती मला. शाळेच्या दारावरनं जाताना मान खाली जाती. यंदा नाय जमलं तर त्या बाई परत विचारणार नाय."

भालेरावनं उघड्या हबवरची धूळ बोटानं पुसली. "माझा बाप आयुष्यभर पायी कामाला गेला," तो म्हणाला. "पायात चप्पल असली तर असली. ही गाडी दारात आली तेव्हा त्यानं तिच्या सीटवर नुसता हात ठेवला, बसला नाही. म्हणाला, हिला पावसात ठेवू नको रे. तो गेला. मग मला बाहेर ठेववेना."

"हे मला कधी सांगितलंत?" वहिनी हळूच म्हणाल्या.

"सांगण्यासारखं काय त्यात."

मग तो माझ्याकडे वळला. "मधूभाऊ, गरारी नवी टाका. अन् मीटर उघडा. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव लावा. जाता जाता लाख होऊन जाईल."

मी नानाशेठकडे पाहिलं. जन्मभर पद्धत पद्धत करणारा हा माणूस चक्क मान हलवून म्हणाला, "लाव रे. कुणाचं काय जातंय."

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या. "मला खोटा लाख नको. मंडळाच्या चार लोकांत ठरलंय. उद्या कुणी म्हणालं, मीटरवाल्यानं करून दिला, तर? किती राहिले खरे?"

"साडेतेराशेच्या आसपास," मी म्हणालो.

"अन् नांदगाव किती लांब?"

"एका बाजूनं शंभर धरा."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात म्हणताय, माहेरी नेतो, नेतो. सगळ्या वस्तीला मागं बसवून फिरवलंत. आता मला न्या. दर रविवारी."

भालेरावनं कानाला हात लावून कबूल केलं. मी गरारी बसवायला घेतली तेव्हा तो म्हणाला, "एक काम करा. मागं गेलेले ते दोन किलोमीटर घाला परत. ते माझ्या चोरीचे."

आमच्या दुकानात हातानं वाढवलेले ते पहिले आणि शेवटचे दोन किलोमीटर. नानाशेठ आत गेले, म्हणजे त्यांनी पाहिलं नाही असं म्हणायला मोकळे.

*

मग उन्हाळाभर दोघं नांदगावला जात राहिले. मधे एकदा चेन आवळायला आले. वहिनींच्या डोक्याला घट्ट रुमाल, चेहऱ्यावर धूळ, हातात माहेरच्या पापडांची पिशवी. आमच्यासाठीही एक पुडा. "चांदवडच्या घाटात लय वारं लागतं," त्या मला सांगत होत्या, आणि भालेराव, ज्याची कंबर दुखायची, तो ऐकत उभा होता. सासूबाई आता रविवारी सकाळी रस्त्यावर उभ्या राहून जावयाची वाट बघतात म्हणे.

मे संपता संपता निरोप आला, रविवारी या, लाख होणार आहे. मी गेलो. विहारापाशी मंडळाची चारही माणसं, शेजारणी, मशीनचा सांगाडा ज्या ओट्यावर होता त्या ओट्याची मालकीण, सगळे जमलेले. "जय भीम, मधूभाऊ," भालेराव म्हणाला. नवा शर्ट. मीटरवर पाच नऊ ओळीनं उभे.

खरं सांगतो, मला धाकधूक होती. इतर वेळी एक चकती फिरते, फार तर दोन. पाच चकत्यांत लाख मावत नाही, म्हणून लाखाला पाचही एकदम फिरून शून्यावर यायच्या असतात. मीटरवर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच. आणि पार्ट मुंबईहून आलेला, नक्की कुणी बनवलेला देव जाणे.

वहिनी मागं बसल्या. गाडी हळूहळू निघाली, लोक बाजूनं चालत. शेवटचा नऊ वर सरकायला लागला. त्याच्या मागोमाग बाकीचेही. अर्धे नऊ, अर्धी शून्यं. आणि तिथंच अडकले.

भालेरावनं गाडी थांबवली. मला वाटलं, आता हा मनातून खूश होणार. पण त्याचा चेहरा उतरला होता. "मधूभाऊ, काहीतरी करा ना! जाऊ द्या ना त्याला पुढं!"

"चालवू नका!" मी ओरडलो. "जोर लागला तर गरारी पुन्हा जाईल. पुढचं चाक उचला. हातानं हळू फिरवावं लागेल."

वहिनी घरात पळाल्या आणि पाट घेऊन आल्या. तोच पाट. इंजिनाखाली सारला. मी काचेवर बोटानं टिचक्या मारत बसलो. चाकाच्या एका अंगाला भालेराव उकिडवा, दुसऱ्या अंगाला वहिनी.

"पुढं हं," मी म्हणालो. "दोघांनीही पुढं."

सगळी वस्ती हसली. दोघांनी टायरवर हात ठेवले आणि चाक फिरवलं. हळू, सारख्या जोरानं. आत बारीक टक् झालं आणि पाचही शून्यं एका रेषेत येऊन बसली.

टाळ्या वाजल्या. वहिनींना हसू आणि रडू एकदम आलं, आणि भालेराव त्यांचा काळा झालेला तळवा आपल्या नव्या शर्टाला पुसत राहिला. त्याच संध्याकाळी मशीन आत गेलं. गणवेश शाळा उघडायच्या आधी पोचले, कोरडे. गाडीला दारात पत्र्याची शेड झाली, आणि उरलेल्या खाकी कापडातून वहिनींनी तिला पूर्ण अंगभर कव्हर शिवून दिलं. सवयीनं त्याला खिसाही शिवला. भालेराव त्यात पाना ठेवायचा.

मी अजून हेच काम करतोय, हातात पाना आहे तोवर करणार. आता कुणाच्या मीटरची गरारी दोन्ही अंगांनी झिजलेली दिसली, की मी गिऱ्हाइकाला पार्टची किंमत नंतर सांगतो. आधी विचारतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"